कलम सहा ते नऊ

ही हकीकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. टाळण्यात मी तरबेज आहे. माझी सगळी नोकरी एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख शाखेत गेली आणि तिथे टाळण्याला 'प्रलंबित' असा सभ्य शब्द होता. मुलीला सांगितली नाही. सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांना सांगितली नाही. बायकोला अर्धी ठाऊक आहे, उरलेली अर्धी मी तिला कळू दिली नाही. घरात विषय त्या बाजूला वळायला लागला की मी पाण्याची टाकी भरली का ते बघायला गच्चीवर जायचो. टाकी सोसायटीची आहे, पंप वॉचमन लावतो, माझा तिच्याशी काडीचा संबंध नाही. तरी जायचो.

आता हात थरथरतो. अक्षर पार बिघडण्याआधी लिहून ठेवतो, कारण या प्रकरणात माझ्या अक्षराचाही हात आहे.

आम्ही तेव्हा मीरा रोडला पूनम सागरच्या बाजूला भाड्याने राहत होतो. दर अकरा महिन्यांनी नवा करार, दर दोन-तीन करारांनी नवं घर. निवृत्तीचे पैसे हातात आले तसं बायको म्हणाली, आता स्वतःचं घेऊ. तिची अट एकच होती.

"हॉल लहान असू दे, किचनला खिडकी नसू दे. पण लिफ्ट पाहिजे, आणि चालणारी पाहिजे."

"लिफ्ट चालत नाही, चढते," मी म्हणालो. मला वाटलं, मोठा विनोद केला. तिचे दोन्ही गुडघे तेव्हाच गेलेले होते. ती हसली नाही.

शेजाऱ्यांनी एका एजंट बाईंचं नाव सुचवलं. चाळिशीच्या, उत्तनकडच्या, वडिलांची होडी होती. स्कूटरवरून यायच्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत मोजायची टेप आणि टॉर्च. बोलायच्या आमच्यासारखंच, पण आईचा फोन आला की बोली बदलायची. "न्हाय गो, गिऱ्हाईकाकडं हाय," असं काहीतरी हळू आवाजात सांगून फोन ठेवायच्या.

आमच्या भागात एजंट घर दाखवायला नेतो तेव्हा एका वहीत सही घेतो. घर मीच दाखवलं, एवढाच त्या सहीचा अर्थ. या बाईंनी घर दाखवायच्या आधीच टाइप केलेले दोन कागद पुढे ठेवले. एक प्रत त्यांची, एक आमची.

"काका, हा आपला करार."

"करार? घर कुठे बघितलंय अजून?"

"घराचा नाही. माझा आणि तुमचा. मी तुमच्यासाठी काय करणार, काय नाही करणार, ते यात आहे. बाकीचे एजंट दोन्हीकडचे असतात, घेणाऱ्याचेही आणि विकणाऱ्याचेही. मी फक्त घेणाऱ्याची. म्हणून कागद. निवांत वाचा. घाई नाही."

मला वाचायला सांगत होत्या! पस्तीस वर्षं ज्याच्या टेबलावरून कागद गेले, त्या माणसाला! मी चष्मा लावला आणि कागद हातात घेतला. आता प्रामाणिकपणे सांगतो, मी तो वाचला नाही, तपासला. समास किती सोडलाय, तारीख उजवीकडे आहे की डावीकडे, छिद्र पाडायला जागा आहे का. पहिल्या पानावर शुद्धलेखनाच्या दोन चुका सापडल्या. त्यांच्याभोवती मी पेन्सिलने गोल केले. बाईंनी तिथल्या तिथे दोन्ही प्रतींवर त्या दुरुस्त केल्या आणि 'थँक्यू काका' म्हणाल्या. माझ्या दृष्टीने करार समजून घेण्याचं काम तिथे संपलं.

"प्रत्येक पानावर छोटी सही करता का?" त्यांनी विचारलं.

नोकरीत मी हजारो लोकांना प्रत्येक पानावर सही नाही म्हणून परत पाठवलंय. त्यातले काही लांबून एसटीने आलेले असायचे. आणि त्या दिवशी मी हात उंचावून म्हणालो, "शेवटच्या पानावर पुरे. मी माणूस ओळखतो."

बायकोने आतून विचारलं, "मागचं वाचलंत का?"

"मागचं-पुढचं सगळं बघितलं."

कागद दोन होते. पहिल्याच्या दोन्ही बाजूंना मजकूर होता. दुसऱ्याच्या एकाच बाजूला मजकूर, खाली सह्या, मागे कोरा. एवढं लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

मग घरं बघणं सुरू झालं. बाईंची पद्धत मला पसंत नव्हती. मालक हॉलची तारीफ करत असला की या बाथरूमच्या कोपऱ्यात टॉर्च मारत उभ्या. भिंतीला हात लावून ओल बघायच्या. शेजारचं दार वाजवून 'पाणी किती वाजता येतं हो?' असं खुशाल विचारायच्या. मला लाज वाटायची. मी मालकाशी सरकारी नोकरीतल्या गप्पा मारत सोफ्यावर बसायचो आणि मनात म्हणायचो, बाईंना पोच नाही.

इंद्रलोकच्या पुढे एका सोसायटीत चौथ्या मजल्यावरचं घर बघितलं आणि मी तिथेच विरघळलो. बाल्कनीतून लांबचे डोंगर दिसत होते. मालकाने स्वतः लिफ्टचं बटण दाबलं, दार उघडून बायकोला आधी आत जायला सांगितलं. लिफ्ट अशी अलगद वर गेली की बायकोही खूश झाली. आम्ही चहा घेत होतो तेव्हा बाई पंधरा-वीस मिनिटं गायब होत्या. खालच्या मजल्यांवर दारं वाजवत फिरत होत्या. मी बायकोला म्हणालो, "बघ, आपल्या खर्चाने दुसरी गिऱ्हाईकं शोधतायत."

दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. आमची प्रत मागितली, स्वतःची काढली, पहिला कागद उलटा केला आणि दोन्हींवर हाताने काहीतरी लिहायला बसल्या. मी समोर बसून त्यांना फाइलला दोरा कसा ओवायचा ते समजावत होतो. सुटे कागद ठेवणं ही सगळ्या गोंधळाची सुरुवात असते, हे माझं आवडतं वाक्य. ते मी दोनदा म्हटलं.

"काका, ते घर नको," लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या. "कारण इथे लिहून दिलंय. वाचा आणि मग ठरवा. काकूंनाही दाखवा."

"हो हो," म्हणून मी कागद घेतले आणि फाइलमध्ये लावले. माझ्या हातून कागद फाइलला लागला की काम झालं, अशी माझी हयातभराची समजूत.

पेन चालताना मी पाहिलं होतं. हे वाक्य नंतर लागेल, म्हणून इथे वेगळं लिहून ठेवतो.

कारण मी वाचलं नाही, विचारलंही नाही. मी स्वतःच शोधून काढलं. बाईंना दुसऱ्या एखाद्या मालकाकडून काहीतरी मिळणार असेल, म्हणून हे घर नको. चार दिवसांनी घरमालकाचा मला थेट फोन आला. "साहेब, तुमच्यासारख्या माणसाला मध्ये एजंट कशाला?" मला 'साहेब' म्हणणारं निवृत्तीनंतर कुणी उरलं नव्हतं. मी घर घेऊन टाकलं. बाईंना कळलं तेव्हा त्यांचा एकच फोन आला. "घेतलंत ना काका? बरं. मी लिहून दिलंय ते तेवढं लक्षात असू द्या." मी घाईने फोन ठेवला. मला वाटलं, आता दलालीचा विषय काढतील. त्यांनी तो कधीच काढला नाही.

घर ताब्यात आलं तसे मी सगळे महत्त्वाचे कागद लॅमिनेट करायला काढले. मला ते वेडच होतं. रेशनकार्ड, मॅट्रिकची गुणपत्रिका, गॅसचा कागद, बायकोच्या रक्तगटाचा रिपोर्ट, सगळं प्लास्टिकमध्ये. बायको म्हणायची, "मी झोपलेली असताना मला त्या मशीनमध्ये घालू नका." स्टेशनजवळच्या दुकानदाराने करार हातात घेऊन विचारलं, "दोन कागद आहेत. वेगवेगळे करू की एकत्र?"

"एकत्र. प्लास्टिक कशाला वाया घालवायचं?"

त्याने दोन्ही कागद पाठीला पाठ लावून आत सरकवले. बाहेर आलं ते छान कडक, चकचकीत, टेबलावर आपटलं तर आवाज येणारं. एका बाजूला पहिलं पान, दुसऱ्या बाजूला सह्यांचं पान. मी ते घरी आणून भिंतीतल्या कपाटात उभं ठेवलं.

वास्तुशांतीला गुरुजी लिफ्टने आले आणि जिन्याने गेले.

त्यानंतर लिफ्ट बंद ती बंदच. दुरुस्तीवरून सोसायटीत आधीपासून दोन तट होते. एक म्हणे नवीन बसवा, दुसरा म्हणे जुनीच नीट करा, आणि दोघं मिळून काहीच करत नव्हते. वर्षातले निम्मे महिने ती अशीच असते, हे आम्हाला खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सहज सांगितलं. बायको चौथ्या मजल्यावर अडकली. भाजी घ्यायला ती बाल्कनीतून दोरीने पिशवी सोडायची. डॉक्टरकडे जायचं तर प्रत्येक जिन्यावर प्लास्टिकची खुर्ची ठेवून, बसत-उठत. एकदा दुसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसून तिने विचारलं, "त्या बाईंनी याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं?"

"एक अक्षर नाही," मी म्हणालो.

मी कपाटातला कागद काढून बघू शकलो असतो. पण तो तर माझ्या मते मी वाचलेला होता.

लिफ्टसाठी रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये सभा भरली. सगळे सेक्रेटरीवर तुटून पडले होते. नवीन सभासद म्हणून मला बोलायला सांगितलं. मी उठून म्हणालो, "आमच्यापासून तर हे लपवून घर गळ्यात मारलं. एजंटने शब्द काढला नाही."

सेक्रेटरीला बुडताना फळी सापडावी तसं झालं. "अंकल, कौन एजंट? बुलाओ ना उसको. असेच लोक आपल्या सोसायटीचं नाव खराब करतात." सगळ्यांचे चेहरे सेक्रेटरीकडून माझ्याकडे वळले. मला ते आवडलं, हे कबूल करायला हवं. कुणीतरी फोन लावला.

बाई अर्ध्या तासात आल्या. हेल्मेट काढून स्कूटरच्या आरशाला अडकवलं आणि पिशवीतून त्यांची प्रत काढली.

"काका, काय झालं?"

"लिफ्टचं तुम्ही लपवलंत."

त्यांना आधी वाटलं मी गंमत करतोय. मग त्यांनी पहिला कागद उलटा केला. "हे बघा ना. कलम नऊखाली लिहिलंय मी. तुमच्या घरी बसून लिहिलं. तुमच्या प्रतीवर पण आहे."

मी त्यांच्या हातातलं पान घेतलं नाही. "माझी प्रत आणतो," म्हणालो आणि चार मजले चढून गेलो. लिफ्ट बंद होती, हे सांगायला नकोच. धापा टाकत परत आलो आणि ते चकचकीत लॅमिनेशन सगळ्यांपुढे धरलं.

"हा मूळ दस्तऐवज. इकडे कलम एक ते पाच." उलटं केलं. "इकडे कलम दहा ते बारा आणि सह्या. कुठे आहे तुमचं नऊ?"

बाई पुढे येऊन बघू लागल्या. मी थांबलो नाही. मला सूर सापडला होता. "पाचनंतर एकदम दहा! का? मधली जागा आधीच सोडून ठेवलेली. वेळ आली की नवीन पान टाइप करून आत घुसवायचं. आमच्या खात्यात असल्या युक्त्या आम्ही रोज पकडायचो."

खात्यात मी एकही युक्ती कधी पकडली नाही. माझं काम सह्या मोजण्याचं आणि कागद तारखेप्रमाणे लावण्याचं होतं. पण खुर्च्यांमधून 'वा काका', 'सरकारी डोकं आहे' असे आवाज आले, दोघांनी टाळ्याही वाजवल्या.

"आणि त्या पानावर माझी सही दाखवा," मी म्हणालो.

"मी मागितली होती, काका. तुम्हीच म्हणालात, शेवटच्या पानावर पुरे." एवढं म्हणून त्यांनी लॅमिनेशन माझ्या हातातून घेतलं. दोन बोटांत धरून वाकवलं. "हे जाड लागतंय. आत दोन कागद आहेत, पाठीला पाठ चिकटलीय. ते पान आत आहे. कुणी कात्री देता का?"

तळमजल्यावरच्या एक बाई लगेच उठल्या आणि घरातून कात्री घेऊन आल्या. लाल मुठीची, भाजी कापायची. ती कात्री माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

त्या क्षणी मला आठवलं. आमच्या त्या भाड्याच्या घरातलं टेबल, उलटा केलेला कागद, त्यावरून सरकणारं निळं पेन आणि मी दोऱ्याबद्दल करत असलेली बडबड. लख्ख आठवलं. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की नाही आठवलं, गडबडीत होतो, चार मजले चढून आलो होतो. आठवलं होतं.

मी लॅमिनेशन त्यांच्या हातातून परत घेतलं आणि छातीशी धरलं.

"मूळ दस्तऐवजाला कात्री? अजिबात नाही. असं कुठल्याही कार्यालयात चालत नाही."

बाई माझ्याकडे वळल्या. "काका, मी लिहिताना तुम्ही समोर बसला होतात."

"मी काही पाहिलं नाही."

"निदान माझ्या प्रतीवरचं तरी कुणीतरी वाचा," त्या सगळ्यांना म्हणाल्या.

"खोटं पान काय वाचायचं?" मी म्हणालो. सेक्रेटरीने मान डोलावली. त्याला त्या पानावर लिफ्टबद्दल काय लिहिलं असेल याचा अंदाज असणार. तो घाईने म्हणाला, "बस झालं. मिनिट्समध्ये घ्या. अंकल, तुम्हीच लिहा ना, तुमचं हँडरायटिंग काय सॉलिड आहे!"

मी लिहिलं. इतिवृत्ताच्या वहीत, मोकळ्या, गोल, समासाबाहेर न जाणाऱ्या अक्षरात. 'सदर एजंटने करारात मागाहून बनावट पान जोडल्याचे निदर्शनास आले. सबब त्यांना सोसायटीच्या आवारात प्रवेश देण्यात येऊ नये.' बाई माझं लिहून होईपर्यंत उभ्या होत्या. मग त्यांनी वही मागितली, पूर्ण वाचली. आणि मला परत देत म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुमचं."

हेल्मेट घालून त्या गेल्या. कात्रीवाल्या बाई कात्री घेऊन घरात गेल्या. लिफ्टचा विषय त्या दिवशी राहूनच गेला आणि लिफ्ट पुढे पाच महिने बंद राहिली.

कुणीतरी इतिवृत्ताच्या त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. अक्षर वाचायला सोपं होतं, म्हणून तो भराभर पुढे गेला, आसपासच्या सोसायट्यांच्या ग्रुपवरही. एजंटचा धंदा गेटवर चालतो. वॉचमनने आत सोडलं तर घर दाखवता येतं. एकेक गेट त्यांना बंद होत गेलं. हे मला तुकड्या-तुकड्यांत कळत होतं. कुणी म्हणायचं, त्या बाई हल्ली दिसत नाहीत. कुणी म्हणायचं, बरं झालं काका तुम्ही पकडलंत. मी टाकी बघायला जायचो.

तीन-एक वर्षांनी एका दुपारी स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली. "अहो, तुमचा तो करार फुटला."

तिने गरम कुकर ठेवायला खाली काहीतरी हवं म्हणून कपाटातलं लॅमिनेशन घेतलं होतं. बरेच दिवस घेत होती म्हणे. त्या दिवशी प्लास्टिक फुगून सुरकुतलं होतं आणि कडेला चीर पडून दोन कागद वेगळे झाले होते. मी हात लावायच्या आत तिने पहिला कागद ओढून काढला, उलटा केला, खिडकीपाशी गेली आणि चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागली. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझा एकही कागद असा वाचला नव्हता.

कलम सहा: एजंट विकणाऱ्याकडून काहीही घेणार नाही. कलम सात: हा करार तीन महिन्यांचा, दोघांपैकी कुणालाही आठ दिवस आधी सांगून तो मोडता येईल. कलम आठ: एजंटच्या लेखी सल्ल्याविरुद्ध घर घेतल्यास एजंट मोबदला घेणार नाही. कलम नऊ: घराबद्दल एजंटला जे समजेल ते चांगलं-वाईट इथे लिहून दिलं जाईल.

आणि खाली निळ्या शाईत: 'लिफ्ट वर्षातून बरेच महिने बंद असते. दुरुस्तीवरून सोसायटीत वाद आहे. खालच्या मजल्यांवर तीन घरी विचारून खात्री केली. काकूंचे गुडघे पाहता हे घर घेऊ नये असा माझा सल्ला आहे.'

मी कलम आठपाशीच अडकलो होतो. ते पान मागाहून घुसवून बाईंना मिळणार काय होतं? त्या पानामुळे तर त्यांचा दलालीवरचा हक्कच जात होता. हे सांगणारं पान मी न वाचताच खोटं ठरवलं होतं, आणि सभेतल्या एकाही शहाण्याने ते वाचलं नव्हतं. चार कलमं होती सगळी मिळून. वाचायला दोन मिनिटं लागली असती. तेवढ्या वेळात मी शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या होत्या.

"म्हणजे तिने लिहिलं होतं," बायको म्हणाली.

"हं."

"माझ्या गुडघ्यांसकट."

"हं."

"आणि तुम्ही वाचलंच नव्हतं."

"नाही."

तिने चष्मा काढला. "मूर्ख आहात," म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, "पण निदान माहीत असून तर केलं नाहीत. माहीत असून केलं असतंत तर मला इथे राहता आलं नसतं."

ही तिला ठाऊक असलेली अर्धी. पुढचं बोलायला मी तोंड उघडलं होतं. मग उठून टाकी बघायला गेलो.

माफी मागायची हे मात्र तिने ठरवून टाकलं. मी कागद घेऊन बसलो. पहिला मसुदा: 'विषय: करारातील कलम सहा ते नऊबाबत दिलगिरी.' बायकोने डोकावून बघितलं. "माफी मागताय की बदली?" दुसऱ्या मसुद्यात विषय काढला, पण 'नजरचुकीने' हा शब्द आला. तिसऱ्यातही आला. पाचव्यात दोनदा आला. तो शब्द नसला की पुढचं वाक्य मला लिहिताच येईना. शेवटी पाचवाच मसुदा खिशात घालून मी निघालो.

बाई उत्तनच्या वाटेवर मुर्ध्याला चुलतभावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात असं कळलं होतं. बसमधून उतरलो, दुकान सापडलं. एका टेबलामागे त्या बसल्या होत्या, बाजूला लॅमिनेशनचं मशीन. मला बघून उठल्या.

"काका! या ना, बसा. इतक्या उन्हाचे? काकूंचे गुडघे कसे आहेत?"

एकदा डोळे वटारले असते, एक टोमणा मारला असता, तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी खिशात हात घातला. कागद बोटांना लागला. हात तिथेच राहिला.

"काय, लॅमिनेट करायचंय काही?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

आता काढायचं काय? माफीचा कागद दिला तर त्या वाचणार. मी दुसऱ्या खिशातून विजेचं बिल काढून दिलं. भरलेलं, गेल्या महिन्याचं. जगात कुणी विजेचं बिल लॅमिनेट केलं नसेल. त्यांनी ते हातात घेतलं, माझ्याकडे बघितलं. मग बिल उलटं केलं, मागची बाजू वरपासून खालपर्यंत बघितली, पुन्हा सुलटं केलं.

"एकच कागद आहे ना, काका? आत काही राहणार नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

मशीनमधून ते गरम बाहेर आलं. त्यांनी कडा नीट कापून दिल्या, कात्रीने. पैसे घेतले नाहीत. "काकूंना सांगा विचारलं म्हणून."

घरी बायकोने विचारलं, "मागितलीत?" मी बिल दाखवलं. ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं, आणि मग हसणं थांबल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा जायचं कबूल केलं.

पुन्हा जायला मला वर्ष लागलं. आधी पाऊस होता, मग सण होते, मग माझा खोकला होता. दुकानात चुलतभाऊ होता. "न्हाय काका, ती आता इथं न्हाय. पोरीकडं गेली, परदेशात. इथलं सगळं आवरलं तिनं." पत्ता मागायचं धैर्य झालं नाही. काय म्हणून मागणार होतो?

सोसायटीत नवीन कमिटी आली, लिफ्टही नवीन आली. मी वही मागून घेतली आणि माझ्या त्या जुन्या नोंदीखाली तीन ओळींची दुरुस्ती लिहिली, की ते पान खरं होतं, चूक माझी होती. नवा सेक्रेटरी म्हणाला, "अंकल, हा तर किती जुना मॅटर! कोण बाई?" त्या ओळींचा फोटो कुणी कुठल्या ग्रुपवर टाकला नाही. आणि त्या तीन ओळींतही मी 'नजरचुकीने' लिहून आलोच.

बायको आता लिफ्टने खाली जाते, बाकावर बसते. ती वर आली की हे लिखाण तिला वाचायला देणार आहे. दोन्ही बाजूंनी लिहिलंय, आणि प्रत्येक पानावर सही केली आहे. मग ती काय म्हणेल ते म्हणेल.

जे मुर्ध्याला त्या टेबलासमोर म्हणायचं होतं, ते एवढंच होतं. बाई, तुम्ही लिहीत होतात तेव्हा मी समोर बसून पाहत होतो. तुम्ही कात्री मागितलीत तेव्हा मला ते आठवलं होतं. आठवत असताना मी कागद छातीशी धरला आणि तुम्हाला खोटं ठरवलं. नजरचूक नव्हती ती. मला माफ करा.